दोन यंत्रं, चार नकाशे आणि आम्ही दोघं

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात आम्ही केलेलं भाषण. काही श्रोत्यांनी मागून घेतलं, म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावर कुणी ज्ञानेश्वरीवर बोलतं, कुणी मधुमेहावर. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला सांगितलं, "तुम्ही दोघं रविवारी हातात डबडं घेऊन रानात फिरता, ते काय प्रकरण आहे ते एकदा जाहीर सांगून टाका." म्हणजे हे व्याख्यान कमी आणि खुलासा जास्त. सरकारी नोकरीत आमची वीस-बावीस वर्षं खुलासे लिहिण्यातच गेली आहेत, त्यामुळे अडचण नाही.

आम्ही म्हणजे दोघं. एक जण राज्य शासनाचा उपयंत्री, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. एक जण घरची अर्थमंत्री. बोलतो आहे तो उपयंत्री, पण मजकूर दोघांनी मंजूर केलेला आहे. समोर दुसऱ्या रांगेत मंजुरी देणारं कार्यालय बसलेलं आहे.

तर हे डबडं. याला जीपीएस म्हणतात. आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही गार्मिन कंपनीची. एक पिवळं, ईट्रेक्स १०, साधं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं. दुसरं ईट्रेक्स ३०, त्यात होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगायची सोय आहे. दोन्ही दोन-दोन पेन्सिल सेलवर चालतात. पिवळं सौ.कडे असतं. साधं यंत्र त्यांच्याकडे कसं, असं कुणी विचारू नका. चांगलं यंत्र आमच्याकडे असूनही जागा बहुतेक वेळा त्यांनाच आधी सापडते, आणि हे त्यांना मोठ्या समाजासमोर ऐकायचं होतं.

पोरं विचारतात, "काका, मोबाईलमध्ये जीपीएस असतोच की!" असतो. पण भादव्यातल्या उन्हात मोबाईलचा पडदा वाचून दाखवा, धानाच्या बांधीत चिखलात पाडून दाखवा, आणि बैहरच्या घाटात नेटवर्क नसताना त्यावर नकाशा उतरवून दाखवा. शिवाय दुपारी तीनला बॅटरी संपली की घरी फोन कशावरून करणार? हे यंत्र एका कामाचं आहे आणि तेवढं काम ते दिवसभर करतं.

काम काय करतं? जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर तीसच्या आसपास उपग्रह फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, मी इथं आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. ती हाक आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून आपलं अंतर निघतं. चार उपग्रहांची हाक ऐकू आली की आपली जागा ठरते. तीन जागेसाठी आणि चौथा आपल्या यंत्राचं स्वस्त घड्याळ सुधारण्यासाठी. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तर अंतर ३०० मीटरनं चुकतं. आपल्या कार्यक्रमांच्या वेळा ज्या हिशेबानं पाळल्या जातात, त्या हिशेबानं हे यंत्र आपल्याला थेट मंगळावर दाखवेल.

ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराची. सुरुवातीची बरीच वर्षं सामान्य माणसाला मिळणारा संकेत ते मुद्दाम बिघडवून देत, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. १ मे २००० च्या मध्यरात्री त्यांनी तो बिघाड बंद केला. आपला महाराष्ट्र दिन, हा योगायोग. एका रात्रीत चूक दहा-वीस मीटरवर आली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं रानात एक प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरली. त्यात वही, पेन्सिल, काही पुस्तकं, गलोल, घेवड्याचा एक बंद डबा असलं सटरफटर ठेवलं आणि जागेचे आकडे जाहीर केले. ज्याला सापडेल त्यानं वहीत नाव लिहावं, एक वस्तू घ्यावी, एक ठेवावी. काही दिवसांतच लोकांनी ती शोधून काढली. या खेळाला पुढे जिओकॅशिंग नाव पडलं आणि आज जगभर लाखो डब्या लपवलेल्या आहेत. तसा खेळ त्याहून जुना आहे. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर १८५४ पासून लोक दुर्गम जागी डबा ठेवून त्यात चिठ्ठ्या टाकत आले आहेत. अल्मरनं त्याला आकाशातला पत्ता दिला, इतकंच.

आमची पहिली डबी सापडली ती पुण्यात. मुलीला कॉलेजात पोचवायला गेलो होतो. वसतिगृहात सामान टाकून झालं, मुलगी नव्या मैत्रिणींत रमली, आणि आम्ही दोघं रिकाम्या हातांनी बाहेर उभे. परतीची गाडी रात्रीची. तेव्हा एका टेकडीवर गेलो. यंत्र म्हणालं, पोचलात. आजूबाजूला दगड, गवत, सकाळचे फिरणारे. वीस मिनिटं आम्ही यंत्राकडे पाहत गोल फिरत होतो. सौ.नी यंत्र पर्समध्ये टाकलं, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला इथं काही लपवायचं असतं तर मी कुठं ठेवलं असतं?" आणि सरळ जाऊन एका दगडाखालून फिल्मच्या रिळाची जुनी डबी काढली. आत गुंडाळलेला कागद, त्यावर पाच-सात नावं. आम्ही दोघांची नावं लिहिली. खाली ‘बालाघाट’ लिहिलं.

ज्या बाईनं वीस वर्षं घरात लाडवांचा डबा मुलांपासून लपवला तिला हा खेळ कुणी शिकवावा लागत नाही. आता आमचा नियम ठरला आहे. शेवटच्या दहा मीटरवर यंत्र खिशात आणि डोळे उघडे.

पण बालाघाटला परत आल्यावर प्रश्न पडला की इथं हे कसं खेळायचं. आपल्या जिल्ह्यात रानात बेवारस डबा ठेवणं हा खेळ होऊ शकत नाही. आपण इथले आहोत, कारण सांगायची गरज नाही. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी हत्या केली, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण कमावते झालेले होते. झाडाखाली तारेनं बांधलेला टिफिनचा डबा दिसला की इथल्या माणसाच्या मनात काय येतं, ते पुण्याच्या टेकडीवरच्या माणसाला कळणार नाही. एखाद्या जवानाला आमच्या गमतीच्या डबीपायी तासभर जिवावर उदार होऊन उभं राहावं लागलं तर त्या गमतीला काय अर्थ? म्हणून पहिल्या दिवशीच दोघांनी ठरवलं की आपल्या जिल्ह्यात एकही डबी ठेवायची नाही. आणि फिरायला निघताना गावात आधी कोटवाराला भेटायचं, जंगल असेल तर नाकेदाराला. कान्हाच्या हद्दीत तर पाऊलच नाही. हा नियम आजतागायत मोडलेला नाही.

मग डबीशिवाय खजिना कोणता? पहिला सापडला तो कार्यालयातल्या नकाशांच्या कपाटात.

भारतीय सर्वेक्षण खात्याचे नकाशे ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक असेल की प्रत्येक नकाशाला क्रमांक असतो. बालाघाट शहर ६४ सी/१ मध्ये येतं. त्याचा वरचा डावा कोपरा पाहा: उत्तर अक्षांश २२, पूर्व रेखांश ८०. पूर्णांकात! तिथं चार नकाशांचे कोपरे जुळतात. ५५ एन/१६, ५५ ओ/१३, ६४ बी/४ आणि आपला ६४ सी/१. अभियंत्याची खरी पंचाईत अशी की त्याचं काम नेहमी नेमकं कोपऱ्यावर निघतं आणि त्याला चारही नकाशे चिकटवावे लागतात. तो कोपरा आपल्या शहरापासून सरळ रेषेत वायव्येला साधारण २८ किलोमीटरवर आहे.

असे पूर्णांक छेदबिंदू गाठायचा छंद अमेरिकेत अॅलेक्स जॅरेट या माणसानं १९९६ मध्ये सुरू केला. जिथं अक्षांश आणि रेखांश दोन्ही पूर्ण आकड्यात मिळतात तिथं जायचं, चारी दिशांचे फोटो काढायचे आणि परत यायचं. काही ठेवायचं नाही, काही आणायचं नाही. आम्ही म्हटलं, हा खेळ आपल्यासाठीच केलेला आहे.

एका जानेवारीत, संक्रांत झाल्यावरच्या रविवारी, लालबर्ऱ्याच्या रस्त्यानं निघालो. मोटरसायकलवर दोघं, तिळाचे लाडू, पाण्याच्या बाटल्या, चार सेल जास्तीचे. रस्ता सुटला तशी गाडी एका ओळखीच्या अंगणात लावली आणि पायी निघालो. अंशाचं गणित सोपं आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर. रेखांशाचं मिनिट आपल्या भागात थोडं आखूड, १.७२. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशाला जवळजवळ दोन मीटर. म्हणजे शेवटच्या आकड्यासाठी दोन पावलं इकडे की तिकडे.

वाटेत एक म्हातारे गृहस्थ धुऱ्यावर बसले होते. आम्हाला दुरून पाहत होते. आम्ही यंत्राकडे बघत येतोय, थांबतोय, आकडा लिहितोय. जवळ आल्यावर ते उभे राहिले. रामराम नाही, पाणी विचारणं नाही. आपल्या भागात असं होत नाही. त्यांनी एकच विचारलं, "साहब, नहर निकल रही है क्या?"

मंडळी, आम्ही ज्या खात्यात आहोत तिथं हा प्रश्न आम्हाला शंभर वेळा विचारला गेला आहे, पण कामावर असताना. तेव्हा हातात कागद असतो, शिक्का असतो, उत्तर ठरलेलं असतं. त्या दिवशी आम्ही सुट्टीवर होतो, आणि समोरच्याला मात्र त्यात काही फरक दिसत नव्हता. दोन एकर जमीन, त्यातून कुणीतरी यंत्र घेऊन चाललंय. पूर्वी जरीब घेऊन पटवारी यायचा. आता जरीब आकाशातून पडते, पण जमीन तीच जाते. सौ.नी पुढं होऊन त्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि सांगितलं, "नहीं बाबा, हम घूमने आए हैं." त्यांचा विश्वास बसला नाही. सुट्टीच्या दिवशी कुणी शेतात फिरायला येतं का? मग आम्ही यंत्र त्यांच्या हातात दिलं. इकडे चाला, आकडा वाढतो. तिकडे चाला, कमी होतो. ते आमच्याबरोबर निघाले. बिंदूपर्यंत आले. सगळी शून्यं एका वेळी जुळायला फार वेळ लागतो. दोन पावलं पुढे, एक मागे, पुन्हा डावीकडे, बघणाऱ्याला वाटावं आम्ही फुगडी घालतोय. एका यंत्रावर उत्तरेची शून्यं आली तर दुसऱ्यावर पूर्वेची जात. शेवटी पिवळ्यावर क्षणभर दोन्ही जुळली.

"यहाँ क्या है?" म्हाताऱ्यांनी विचारलं. खरं उत्तर, काही नाही. दगड नाही, फलक नाही, देऊळ नाही. जमीन आहे. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, इतक्या दूर येऊन काहीच नाही ते बघायला आलात! मग मात्र त्यांनी घरी नेऊन चहा पाजला. निघताना पुन्हा एकदा दबक्या आवाजात विचारलंच, "पक्का ना, नहर नहीं?"

त्या दिवसापासून आम्ही कुणाच्या शेतात शिरण्याआधी यंत्र दाखवतो, कामाचं नाही असं सांगतो, आणि ‘नको’ म्हटलं तर परत फिरतो. दोन वेळा परत फिरलो आहोत.

दुसरा संशय गुप्तधनाचा. आपल्याकडे जुनी गढी, पडका किल्ला, मोडकी समाधी म्हटलं की खाली नाग बसलेली मोहरांची घागर आहे, असं सगळ्यांना जन्मतः ठाऊक असतं. लांजीकडे एका गावात आम्हाला विचारलं, "मशीन धन सांगते का?" आम्ही नाही म्हणालो. तेवढ्यात कुणीतरी चौकशी केली, जोडीत कुणी पायाळू आहे का? आता योगायोग असा की आमच्या सौ. खरोखर पायाळू आहेत. त्यांच्या आईनं लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं. त्यांनी भर चावडीत ते कबूल केलं. त्या गावातून बाहेर पडायला आम्हाला दोन तास लागले, आणि सोबत एका म्हशीच्या दुखण्यावर सल्लाही द्यावा लागला.

थोडं आपल्या जुन्या राजधानीकडेही जाऊ. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण सगळे नागपूरच्या राज्यात होतो, पुढे नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे राहिलो. नागपूरच्या झिरो माईलपाशी आपल्यातला प्रत्येक जण शंभर वेळा गेला असेल. चार घोडे आणि खांब सगळ्यांनी पाहिलेत. पण शेजारच्या दगडावर १९०७ सालचा मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उंचीचा आकडा कोरलेला आहे: १०२०.१७१ फूट. म्हणजे ३११ मीटरला किंचित कमी. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! आमची यंत्रं तिथं ठेवून आम्ही अर्धा तास बसलो. एक ३०४ म्हणालं, एक ३१८ म्हणालं, मग दोघांनी जागा बदलल्या. उपग्रहाला आडवं अंतर बरं कळतं, उंची तितकी नाही. काठी आणि दुर्बीण घेऊन समुद्रापासून एकेक टप्पा मोजत आलेल्या माणसांचा दगड आमच्या दोन्ही यंत्रांपेक्षा शहाणा निघाला. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा आनंद होतो.

त्याच सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन आपल्याच मुलखात गेला. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्यानं पहिली आधाररेषा मोजली, अर्धा टन वजनाचं थिओडोलाईट घेऊन ७८ रेखांशाच्या आजूबाजूनं त्रिकोणामागून त्रिकोण जोडत वीस वर्षं उत्तरेकडे सरकत आला, आणि नागपूरच्या वाटेवर २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मरण पावला. तिथंच त्याची कबर आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं केलं. डोंगराला नाव एव्हरेस्टचं मिळालं, आणि ज्यानं पृथ्वीची पाठ मोजायला घेतली तो हिंगणघाटात पडून आहे. आम्ही तिथं गेलो होतो. नाव नोंदवायला वही नव्हती, म्हणून आमच्याच वहीत नोंदवलं.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण सभागृहात तीन-चार निवृत्त पटवारी आणि भूमापक दिसताहेत. एव्हरेस्टनं पृथ्वीचा जो आकार मानला आणि मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर मूळ धरून जी मापं बसवली, त्यावर आपले जुने नकाशे आहेत. उपग्रह मानतात तो आकार निराळा. त्यामुळे जुन्या नकाशावरचा आकडा यंत्रात जसाच्या तसा टाकला तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. यंत्रात ती निवड बदलता येते. ती न बदलता शेजाऱ्याच्या धुऱ्यावर दावा सांगू नका. दिवाणी खटला तीन पिढ्या चालतो.

आता ज्यासाठी आम्ही हे भाषण स्वीकारलं त्याकडे येतो.

आपल्या मंडळातल्या एक आजी आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांचे वडील छोट्या लाईनवर नोकरीला होते. गोंदियाहून नैनपूरकडे जाणारी ती अडीच फुटी लाईन आपण मोठे झाल्यावरही धावत होती. आता सगळी मोठी झाली. आजींचा जन्म त्या वाटेवरच्या एका लहानशा स्टेशनच्या क्वार्टरमध्ये. मोतीबिंदू आणि मग काचबिंदू, डोळे जवळजवळ गेलेले. दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला त्या सौ.ना म्हणाल्या, "तुमचं यंत्र हरवलेली जागा शोधतं म्हणे. माझ्या आईची विहीर शोधेल का?"

पत्ता काय, तर स्टेशनच्या घंटेपासून उगवतीकडे. किती अंतर? "आई दोन घागरी घेऊन यायची. वाटेत एकदाच विसावा घ्यायची." बस. एवढाच दस्तऐवज.

अंतर मोजण्याची आमच्या डिप्लोम्यात शिकवलेली सगळी साधनं इथं निरुपयोगी. सौ.नी दुसऱ्या दिवशी घराच्या गच्चीवर दोन पितळी घागरी भरल्या, एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि यंत्र ब्लाऊजला अडकवून चालायला लागल्या. गच्चीच्या चकरांत पन्नास-साठ मीटरलाच थांबावंसं वाटलं. मग हिशेब केला: बाई तरुण, रोजची सवय, लेकरू पाठीशी. एका विसाव्याला ऐंशी ते शंभर धरू. दोन टप्पे म्हणजे एकशे साठ ते दोनशे मीटर. स्टेशनला गेलो. घंटा कुठं होती तेच कुणाला सांगता येईना. एका निवृत्त गँगमननं जुन्या फलाटाचा कोपरा दाखवला. तिथून उगवतीला आम्ही दोघं वीस-वीस मीटरच्या अंतरानं समांतर चाललो, यंत्रावर रेघा उमटत गेल्या, मग परत, मग पुन्हा. घाणेरी आणि बेशरम माजलेली. तिसऱ्या फेरीत सौ.चा पाय घडीव दगडावर पडला. झुडपं बाजूला केली तर दगडांचं अर्धं कडं, आत माती आणि पालापाचोळा भरलेला, कडेला वाढलेला पिंपळ. दगडाला दोरानं पडलेल्या खाचा होत्या. एकाच जागी, बोटभर खोल.

दोन्ही यंत्रं त्या दगडावर ठेवून आम्ही पंधरा मिनिटं सरासरी घेतली. घंटेच्या कोपऱ्यापासून १७८ मीटर.

फोटो काढला होता, पण आजींना त्याचा काय उपयोग? आम्ही त्यांना दगडाच्या खाचांचं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आकडे वाचा." आम्ही वाचले, अंश, मिनिटं, दशांश. त्यांनी नातीकडून ते पोथीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले आणि त्याच बैठकीत पाठ केले. आता कुणी भेटायला गेलं की त्या आधी विहिरीचे आकडे म्हणतात आणि मग चहाचं विचारतात.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्या बाजूनं गेलो तेव्हा तिथं मुरूम पसरलेला होता. कडं नाही, पिंपळ नाही. कुणी केलं, कशासाठी केलं, यात शिरत नाही. जागा सपाट करणाऱ्याला तिथं विहीर होती हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती कुठल्या कागदावर नव्हतीच. यंत्रावर मात्र आम्ही त्या आकड्याशी जाऊन उभे राहिलो. मुरमावर. आजींना हे सांगायचं की नाही यावर आमचं घरी दोन दिवस भांडण झालं. एकाचं म्हणणं सांगू नये, एकाचं म्हणणं जागा त्यांची आहे तर त्यांना कळलं पाहिजे. शेवटी सांगितलं. आजी म्हणाल्या, "तुम्ही एक वर्ष आधी गेलात, बरं झालं."

म्हणून ही वही. दोनशे पानी, साधी. आजवर ३१ जागा झाल्या आहेत. कुणाच्या पणजोबांनी भाड्यानं घेतलेली पहिली खोली. कुणाचा धान भरडायचा गिरणीचा चौथरा. भरवेलीच्या मँगनीज खाणीवर कारकुनी करणाऱ्या एकाचं क्वार्टर. वैनगंगेच्या काठी आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी गणपती जिथं शिरवत ती पायरी, जी आता बरंच पाणी ओसरल्यावरच दिसते. आपण इथं चार-पाच पिढ्या आहोत, सातबारा मात्र कुणाचा इथं, कुणाचा भंडाऱ्याला, पुष्कळांचा कुठंच नाही. मुलं नागपूर, पुणे, बंगलोर, त्यापुढे. आमची मुलगीही आता परत येईल असं वाटत नाही, आणि तिनं यावं असा आमचा हट्टही नाही. पण तिला विचारलं, आपलं जुनं घर कुठं होतं, तर ती म्हणते, "तिकडे कुठंतरी, बाजाराच्या मागे." या ‘कुठंतरी’चं आम्हाला वाईट वाटतं. आम्ही तिला सहा आकडे पाठवले. ती सुट्टीत आली तेव्हा मैत्रिणीला घेऊन, आमचं पिवळं यंत्र घेऊन गेली आणि तासाभरानं येऊन म्हणाली, "तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. पण उंबरठ्याचा दगड आपलाच आहे ना?" दगडाचं आम्हालाही लक्षात नव्हतं. तो आपलाच आहे.

वहीचे दोन नियम आहेत. खासगी जमिनीतली जागा मालकाला विचारल्याशिवाय नोंदवत नाही. आणि रानातली जुनी मूर्ती, समाधी, वीरगळ यांचे आकडे घराबाहेर देत नाही, अगदी मंडळालाही नाही. चोरांकडेही यंत्रं आहेत. यावर काही जणांशी आमचा मतभेद आहे. माहिती सर्वांची असावी असं ते म्हणतात. मूर्ती जागेवर राहिली तर माहिती सर्वांची राहील, असं आमचं म्हणणं.

घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांकडे अजून पुष्कळ विसावे, पुष्कळ हाका, पुष्कळ ‘चिंचेच्या पलीकडे’ शिल्लक आहेत. आम्हाला पत्ता नको, त्यांच्या तोंडचं वर्णन हवं. जसं सांगतील तसं लिहून द्या, सुधारून देऊ नका. "आईनं एकदाच विसावा घेतला" हे कुणी ‘अंदाजे अर्धा फर्लांग’ असं सुधारलं असतं तर विहीर सापडली नसती.

विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही वारासिवनीच्या बाजूला एका गिरणीचा चौथरा शोधायला जाणार आहोत. पत्ता असा मिळाला आहे: "दुपारी भोंगा झाला की आमच्या पडवीत ऐकू यायचा, पण रेडिओ लावलेला असला की नाही." ज्यांना यायचं त्यांनी सकाळी सातला मंडळाच्या दारापाशी यावं. पायात बूट, सोबत पाणी. पेन्सिल सेल आमच्याकडे आहेत. लाडू सौ. आणणार आहेत, कुठं ठेवले आहेत ते मात्र सांगणार नाहीत. नावं आरतीनंतर सचिवांकडे द्या.

गणपती बाप्पा मोरया!